एक्स्प्लेनर: दुष्काळ, प्लेग आणि प्रार्थना; पंडिता रमाबाईंची वाइटाविरुद्धची लढाई काय होती?

लातूरहून पुण्याला जाणारी रेल्वे दौंड सोडल्यावर केडगावातून पुढे जाते. याच केडगावात १९०५ साली शेकडो मुली आणि स्त्रिया रोज दोन वेळा एकत्र बसून प्रार्थना करत होत्या. त्यांना एकत्र आणलं होतं पंडिता रमाबाईंनी. दुष्काळ आणि अत्याचारासमोर प्रार्थनेनं काय साधतं? रमाबाईंच्या आयुष्यातून याचं उत्तर समजून घेऊया.

रमाबाई कोण होत्या?

जन्म २३ एप्रिल १८५८, कर्नाटकातील गंगामूळ. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईनं ते रमाबाईंना दिलं. पुराणं सांगत हे कुटुंब देशभर पायी फिरलं. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेले. उपास, दान, तीर्थयात्रा सगळं करूनही उपासमार टळली नाही, हे त्या विसरल्या नाहीत.

१८७८ मध्ये कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. दोनच वर्षांत पती गेले. तेव्हा मुलगी मनोरमा तान्हीच होती.

वाद कशावरून झाला?

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढे ते पुण्यात आलं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, हे १८९३ मध्ये वादाचं कारण ठरलं. धर्माबाबत तटस्थ राहण्याचं वचन मोडलं, असा आक्षेप होता. दार सर्वांना उघडं आहे, सक्ती कुणावर नाही, ही रमाबाईंची बाजू होती. ‘केसरी’नं टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

ख्रिस्ती धर्मात ‘वाइटाशी लढा’ म्हणजे काय?

येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत वाइटापासून सोडवण्याची विनंती आहे. पौलाच्या इफिसकरांस पत्रात हीच लढाई सैनिकाच्या रूपकात येते: सत्याचा कमरपट्टा, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण. हे युद्ध माणसांशी नाही, असं ते पत्र स्पष्ट करतं.

रमाबाईंनी ते कसं लढलं?

- दुष्काळ: १८९६-९७ मध्ये त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुलींना फूस लावणारी माणसं तिथं फिरत होती. सुमारे ३०० मुली त्यांनी सोबत आणल्या.
- प्लेग: पुण्यात साथ आल्यावर मुलींना केडगावच्या शेतावर हलवलं. पुण्यातील प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून त्यांनी सरकारला धारेवर धरलं.
- मुक्ती सदन: १८९८ मध्ये केडगावला सुरू झालं. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, अंध स्त्रियांसाठी ब्रेल, असं शिक्षण मिळू लागलं.

१९०५ मध्ये काय घडलं?

जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी पुढे येण्याचं आवाहन केलं. आधी ७० जणी आल्या, जूनपर्यंत ५५० झाल्या. जूनअखेर सदनात मोठी लाट उसळली. मुली रडत, मोठ्यानं आपली पापं कबूल करत. हा भावनेचा उमाळा आहे, असं म्हणणारेही होते. त्यानंतर मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत जाऊ लागल्या.

आपल्या भागाशी संबंध काय?

नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्याच संस्थानातील गुलबर्ग्यात मनोरमाबाईंनी शाळा काढली.

अखेरची वर्षं

हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. सदनातल्या स्त्रियांनीच ते छापलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेल्या, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

मग प्रार्थनेनं काय साधलं?

दुष्काळ प्रार्थनेनं थांबला नाही आणि रमाबाई त्यासाठी हात जोडून बसल्याही नाहीत. त्यांच्या सदनात प्रार्थना संपली की शेत, माग आणि छापखाना सुरू व्हायचा. ती संस्था केडगावात आजही काम करते.