डॅनियल ओकॉनेल : एका गोळीचे आयुष्यभराचे प्रायश्चित्त

आयर्लंडच्या कॅथलिकांना नागरी हक्क मिळवून देणारे नेते म्हणून डॅनियल ओकॉनेल यांचे नाव इतिहासात अजरामर झाले आहे. शस्त्र हाती न घेता न्याय मिळविता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु याच थोर पुरुषाच्या गोळीने एका माणसाचा प्राण गेला होता, हे अनेकांना ठाऊक नसेल. त्यांच्या जीवनातील त्या प्रसंगाचा व त्यानंतरच्या पश्चात्तापाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

केरी परगण्यातील एका जुन्या कॅथलिक जमीनदार घराण्यात ६ ऑगस्ट १७७५ रोजी ओकॉनेल यांचा जन्म झाला. डेरीनेन येथील श्रीमंत चुलते मॉरिस यांनी त्यांचा सांभाळ केला व शिक्षणासाठी त्यांना फ्रान्सला पाठविले. १७९८ साली ते बॅरिस्टर झाले. कॅथलिक असल्यामुळे न्यायाधीशपद वा संसदेचे सभासदत्व त्यांना मिळणे शक्य नव्हते. या अन्यायाविरुद्ध त्यांनी आवाज उठविला.

त्या काळी उमराव, लष्करी अधिकारी व वकील यांच्यात अपमानाचा निवाडा द्वंद्वयुद्धाने करण्याची रूढी होती. आयर्लंडमध्ये १७७७ साली त्यासाठी नियमावलीही तयार झाली होती. आव्हान नाकारणाऱ्यास भित्रा ठरवून प्रतिष्ठित समाज त्याच्याकडे पाठ फिरवीत असे. ख्रिस्तसभेची भूमिका मात्र स्पष्ट होती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली द्वंद्व करणाऱ्यांना बहिष्कृत ठरविले आणि त्यात मरण पावणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला. तरीही लोकलज्जेपुढे अनेक कॅथलिकांचे धैर्य खचत असे.

जानेवारी १८१५ मध्ये ओकॉनेल यांनी एका भाषणात डब्लिनच्या नगरपालिकेची भिकार अशी संभावना केली. तेथे प्रॉटेस्टंट मंडळींचा वरचष्मा होता. पालिकेचे एक सभासद, नेमबाजीत निष्णात असलेले जॉन डेस्टर, यांनी त्यांना आव्हान दिले. १ फेब्रुवारी १८१५ रोजी किल्डेअर परगण्यातील बिशप्सकोर्ट येथे दोघे समोरासमोर उभे राहिले. डेस्टर यांचा नेम चुकला. ओकॉनेल यांनी मुद्दाम खाली झाडलेली गोळी त्यांच्या कमरेखाली लागली व दोन दिवसांनी त्यांचा अंत झाला.

ओकॉनेल यांच्यावर खटला भरला गेला नाही. उलट समर्थकांना विजयाचा आनंद झाला. त्याच वर्षी रॉबर्ट पील यांच्याशीही त्यांचे द्वंद्व ठरले होते. परंतु पत्नी मेरी यांनी अधिकाऱ्यांना खबर दिली व पुढे ऑस्टेंडला जाताना लंडनमध्ये त्यांना अटक झाल्याने ते टळले. सद्सद्विवेकबुद्धी जागी होण्यास वेळ लागतो, हेच यावरून आम्हांस दिसते.

डेस्टर यांच्या मृत्यूचे शल्य मात्र त्यांच्या अंतःकरणात रुतून राहिले. आपल्या उत्पन्नाचा वाटा त्यांनी डेस्टर यांच्या विधवेस देऊ केला. त्या बाईंनी तो नाकारला, परंतु मुलीसाठी वार्षिक रक्कम स्वीकारली. ती ओकॉनेल यांनी तीस वर्षांहून अधिक काळ, मरेपर्यंत दिली. ख्रिस्तप्रसाद स्वीकारताना ते उजव्या हातात हातमोजा घालीत असत, असे सांगतात. पुन्हा द्वंद्व न करण्याची त्यांनी शपथ घेतली. विरोधकांनी त्यांना भेकड म्हणून हिणविले, तरी ती मोडली नाही. १८३५ साली वडिलांच्या अपमानाबद्दल पुत्र मॉर्गन यांनी लॉर्ड अल्व्हॅनली यांच्याशी द्वंद्व केले. रूढीची पकड घरातूनही सुटली नव्हती!

१८२३ साली त्यांनी कॅथलिक असोसिएशन स्थापन केली. महिन्याला एक पेनी देऊन गोरगरीबही तिचे सभासद झाले. १८२८ साली ते क्लेअरमधून निवडून आले आणि १८२९ च्या कायद्याने कॅथलिकांना संसदेचे दार उघडले. पुढे आयर्लंडला स्वतःची संसद परत मिळावी म्हणून त्यांनी विराट सभा घेतल्या. ऑक्टोबर १८४३ मध्ये क्लॉन्टार्फच्या सभेवर सरकारने बंदी घातली, तेव्हा रक्तपात टाळण्यासाठी त्यांनी ती रद्द केली. अनुयायी नाराज झाले. पण मानापेक्षा माणसांचे प्राण त्यांना मोलाचे वाटले.

काळही बदलत होता. १८४४ साली ब्रिटिश लष्कराने द्वंद्व करणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध नियम कडक केले व तेथील ही रूढी लवकरच लयास गेली. जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरीत ती टिकून होती, म्हणून पोप लिओ तेरावे यांनी १२ सप्टेंबर १८९१ रोजी तेथील बिशपांना पत्र पाठवून तिचा पुन्हा निषेध केला.

रोमच्या यात्रेस निघालेले ओकॉनेल १५ मे १८४७ रोजी जिनोआ येथे निधन पावले. त्यांच्या इच्छेप्रमाणे हृदय रोमला नेण्यात आले व देह डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत विसावला.

पिस्तुलांची द्वंद्वे आज इतिहासजमा झाली आहेत. परंतु बांधाच्या वादावरून वा एका शब्दावरून भाऊबंदांत वैर धरणारी खोटी प्रतिष्ठा अजून आपल्यात आहे. पश्चात्ताप म्हणजे केवळ अश्रू नव्हेत. झालेली हानी शक्य तितकी भरून देणे आणि लोक हसले तरी तोच अपराध पुन्हा न करणे, हे ओकॉनेल यांचे जीवन आपणांस शिकविते, असे आम्हांस वाटते.