संत फिलिप नेरी : यात्रेकरूंचे यजमान



ज्युबिलीच्या या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा मंडळाने आग्रह केला, तेव्हा आपल्या देवळाचा इतिहासच लिहावा असे प्रथम मनात आले. परंतु ते काम माझ्याहून अधिक माहितगार मंडळींनी हाती घेतले आहे. ज्युबिली म्हटली की पाहुणे आलेच, आणि पाहुणे म्हटले की मला मागील एका सणाची आठवण येऊन मन खट्टू होते. त्या दिवशी परगावचे एक कुटुंब देवळाच्या ओसरीवर उन्हात ताटकळत उभे होते. मिरवणुकीच्या धांदलीत मी झगा सावरीत त्यांच्याजवळून दोन वेळा गेलो, पण त्यांस विचारपूस करण्याचे मला सुचले नाही. ते पायी चालत आले होते आणि पाण्याचा घोटही न घेता परतले, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, माझाच होता. त्या रात्री मी सेमिनरीच्या दिवसांत वाचलेले संत फिलिप नेरी यांचे चरित्र पुन्हा उघडले. तेच आज आपणांस सांगणार आहे.

फिलिप यांचा जन्म २१ जुलै १५१५ रोजी इटलीतील फ्लोरेन्स नगरीत झाला. त्यांचे वडील फ्रान्सेस्को नेरी हे नोटरी होते. आई लुक्रेत्सिया ही ते अगदी लहान असतानाच निवर्तली, तथापि सावत्र आईनेही त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. त्यांचा स्वभाव इतका आनंदी की शेजारीपाजारी त्यांना चांगला पिप्पो म्हणत. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास घरच्यांनी त्यांना सान जेर्मानो या गावी नात्यातील एका सधन व्यापाऱ्याकडे पाठविले. व्यापाऱ्यास मूलबाळ नव्हते. मुलाने धंदा शिकावा आणि पुढे सारी इस्टेट सांभाळावी असा बेत होता. परंतु गावाच्या माथ्यावर मोंते कास्सीनोचा पुरातन मठ उभा होता. ज्या संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत पाहुण्यांच्या स्वागतासाठी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यांचाच हा मठ. त्या डोंगरांच्या सहवासात फिलिप यांचे मन व्यापारातून उडाले आणि वारसा सोडून ते रिकाम्या हाताने रोमच्या वाटेस लागले.

ते रोमला पोहोचले तेव्हा त्या शहराची दशा शोचनीय होती. १५२७ साली सम्राटाच्या बेबंद सैन्याने रोम लुटले होते आणि त्या आघातातून ते पुरते सावरले नव्हते. अशा नगरीत या तरुणाची ना ओळख ना देख. जकातखात्यातील गालेओत्तो काच्चा नावाच्या एका फ्लोरेन्सकर गृहस्थाने त्यांना आपल्या घरी एक लहानशी खोली दिली आणि वर्षाकाठी काही गहू ठरवून दिला. त्याच्या मोबदल्यात फिलिप त्याच्या दोन मुलांना शिकवीत. तो गहू ते भटारखान्यात देत व रोज थोडी भाकरी घेत. तिच्यासोबत चार ऑलिव्ह असले की त्यांचे जेवण झाले. सुमारे सोळा वर्षे ते या घरी राहिले. पुढे ज्याने हजारोंना आसरा दिला, तो मनुष्य आधी स्वतः परक्याच्या दाराशी उभा राहिला होता आणि त्या दाराने त्याला आत घेतले होते. संतांच्या चरित्रात असल्या यजमानांचा उल्लेख एका ओळीत आटोपतो. मला मात्र काच्चा यांची ती खोली फार मोलाची वाटते.

काही काळ त्यांनी तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या यांचा अभ्यास केला. पुढे पुस्तके विकून टाकली आणि आलेले पैसे गरिबांना वाटले. दिवसा ते इस्पितळांत आजाऱ्यांची सेवा करीत आणि रात्री शहराबाहेर संत सेबास्तियन यांच्या भुयारी दफनभूमीत प्रार्थनेत रमत. १५४४ साली पेंटेकॉस्टच्या सुमारास तेथेच त्यांच्या अंतःकरणास पवित्र आत्म्याचा असा काही स्पर्श झाला की, तेव्हापासून त्यांची छाती कायम धडधडत असे. मरणोत्तर तपासणीत त्यांच्या हृदयावरील बरगड्या बाहेर ढकलल्या गेलेल्या आढळल्या. दुकानदार, पेढ्यांवरील कारकून, रिकामटेकडे तरुण यांना रस्त्यातच गाठावे, थट्टामस्करी करावी आणि हळूच देवाच्या गोष्टीकडे वळवावे, ही त्यांची तऱ्हा होती. त्यांच्या संगतीतील कितीतरी तरुण निरनिराळ्या संघांत गेले. ते स्वतः मात्र कोठेच गेले नाहीत. संत इग्नेशियस लोयोला हे त्यांना घंटेची उपमा देत, असे सांगतात. कारण घंटा इतरांना देवळात बोलावते आणि आपण मनोऱ्यातच राहते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. १५४८ साली फिलिप आणि त्यांचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू पेर्सियानो रोझा यांनी सान साल्वातोरे इन काम्पो या देवळात पवित्र त्रैक्याच्या नावाने एक बंधुसंघ स्थापिला. गोव्याकडे ज्याला कोंफ्रारिया म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. आरंभी जेमतेम पंधरा माणसे होती, तीही साधी नि गरीब. फिलिप तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते आणि धर्मगुरू झालेले नव्हते, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. हे सभासद एकत्र जमून प्रार्थना करीत आणि दर महिन्यास पवित्र साक्रामेंताची चाळीस तासांची आराधना चालवीत. त्या आराधनेत फिलिप दिवसरात्र मधूनमधून चार शब्द बोलत. एका प्रापंचिकाने देवळात प्रवचन करावे याची टवाळी करण्यास आलेले कित्येक तरुण ते ऐकून अंतर्मुख होऊन परतले.

मग १५५० चे ज्युबिली वर्ष उजाडले. त्या काळी ज्युबिलीची यात्रा म्हणजे काय, याची कल्पना आज आगगाडीने व मोटारीने फिरणाऱ्या आपणांस येणे कठीण. आल्प्स पर्वत ओलांडून, आठवडेच्या आठवडे पायपीट करून माणसे रोमला येत. पायांना फोड, अंगावर चिंध्या, कनवटीला दमडी नाही, आणि भाषा अशी की कोणास समजू नये. धनवंत यात्रेकरूंना खाणावळी होत्या. शिवाय काही देशांच्या लोकांनी आपापल्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या होत्या. ज्याच्याजवळ पैसा नाही आणि ओळखही नाही, तो देवळाच्या पायऱ्यांवर किंवा कमानीखाली रात्र काढी. ही दशा पाहून फिलिप व त्यांचे सोबती यांनी एक लहानसे घर भाड्याने घेतले. ते लवकरच अपुरे पडले, तेव्हा मोठे घर घेतले. बंधुसंघाजवळ ठेव नव्हती. दारोदार मागून अन्नवस्त्र आणि अंथरूण-पांघरूण जमवावे लागे.

यात्रेकरू दाराशी आला की त्याला आत घेऊन बसवीत, कोमट पाण्याने त्याचे पाय धुवीत, मग पानावर बसवून स्वतः वाढीत. जेवणानंतर ज्याला धर्माचे ज्ञान नसेल त्याला ते प्रेमाने शिकवीत आणि रात्री बिछाना देत. पवित्र गुरुवारी वर्षातून एकदा आपण बारा जणांचे पाय धुतो. आधी घरून धुऊन आलेलेच पाय ते! येथे चिखलामातीने माखलेले, रक्ताळलेले पाय रोज शेकड्यांनी पुढे येत आणि ते धुण्याचे काम नोकरांवर सोपविलेले नव्हते. उंबरठ्यावरून नाणे टाकणे सोपे असते, त्यात देणारा वर आणि घेणारा खाली राहतो. पाय धुणाऱ्याला मात्र खाली बसावेच लागते. फिलिप यांनी दानधर्माची नुसती मात्रा वाढविली नाही, त्याची बैठकच बदलली, असे मला वाटते. पहिल्या सोबत्यांत एक स्वयंपाकी होता. रात्रीची आवराआवर झाली की तो अंगणात येऊन ताऱ्यांकडे टक लावून पाही आणि तसाच ध्यानात बुडून जाई, असे चरित्रकार लिहितात.

ज्युबिली संपली, यात्रेकरू ओसरले; पण काम थांबले नाही. इस्पितळातून ज्यांना बरे झाले म्हणून घरी धाडीत, परंतु ज्यांच्या अंगी मजुरी करण्याइतकी शक्ती नसे, अशांना घरात ठेवून धडधाकट करण्याचे काम बंधुसंघाने अंगावर घेतले. म्हणून यात्रेकरूंचा व दुखण्यातून उठलेल्यांचा संघ असे त्याचे नाव पडले.

पेर्सियानो रोझा यांच्या आग्रहावरून फिलिप यांनी २३ मे १५५१ रोजी गुरुदीक्षा घेतली आणि सान जिरोलामो येथील धर्मगुरूंच्या घरी ते राहू लागले. तेथे त्यांची खोली म्हणजे एक लहानसे देवदारच झाले. उजाडण्यापूर्वीच पापनिवेदनासाठी माणसे येत. त्यांना खोळंबावे लागू नये म्हणून ते खोलीची किल्ली दाराखाली ठेवीत. ते विश्रांती घेत आहेत अथवा कामात आहेत, असे सांगून कोणी भेटणाऱ्यास परत लावलेले त्यांना मुळीच खपत नसे. प्रार्थनेत असले तरी ती सोडून ते उठत. दुपारच्या वेळी या खोलीत वाचन, संभाषण व गायन चाले. गर्दी वाढल्यावर देवळाच्या वरच्या मजल्यावर प्रार्थनागृह केले, तीच ऑरेटरी.

आपल्या देशाशी त्यांचा संबंध येतो तो येथे. १५५७ च्या सुमारास हिंदुस्थानातून आलेली येशूसंघीयांची पत्रे या बैठकीत वाचली जात. संत फ्रान्सिस झेवियर यांना देवाघरी जाऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. ती पत्रे ऐकून फिलिप यांचे मन पेटले आणि सुमारे वीस शिष्यांसह हिंदुस्थानात जाऊन धर्मासाठी रक्त सांडावे असे त्यांनी योजिले. तथापि स्वतःच्या उत्साहावर विसंबणे त्यांना बरे वाटेना. त्रे फोंताने येथील एका साधुवृत्तीच्या मठवासीयास त्यांनी सल्ला विचारला. त्यांची हिंदभूमी रोममध्येच आहे, असे त्या मठवासीयाने त्यांना कळविले. फिलिप यांनी तो निर्णय शिरसावंद्य मानला आणि पुढे मरेपर्यंत रोम सोडले नाही. ज्याला परदेशी जावयाचे होते, त्याने परदेशीयांना आपल्या दारी घेण्यात आयुष्य वेचले.

त्यांना त्रास झाला नाही असे नाही. कार्निव्हलच्या दिवसांत तरुणांना घेऊन ते रोमच्या सात देवळांची पायी यात्रा करीत. वाटेत एका मळ्यात गाणीबजावणी आणि भाकरी, अंडी, फळे असे साधे वनभोजन होई. ज्याला यावयाचे त्याने यावे. हळूहळू माणसे हजारांवर गेली आणि वरिष्ठांच्या मनात संशय शिरला. १५५९ साली रोमच्या धर्माधिकाऱ्याने त्यांना बोलावून खडसावले आणि काही दिवस पापनिवेदन ऐकण्यास बंदी केली. त्यांनी एका शब्दानेही प्रतिकार केला नाही. आणि पुढे संशय फिटला तेव्हा विजयाचा डौलही मिरविला नाही.

१५७५ च्या ज्युबिलीत त्रैक्याच्या बंधुसंघाने लाखाहून अधिक यात्रेकरूंना आसरा दिला. सरदार आणि कार्डिनल तेथे कमरेला पंचा बांधून पाने वाढू लागले होते. त्याच वर्षी पोप तेरावे ग्रेगरी यांनी फिलिप यांच्या धर्मगुरूंच्या मंडळीस ऑरेटरीचा संघ म्हणून मान्यता दिली आणि वाल्लिचेल्लाचे देऊळ त्यांच्या स्वाधीन केले. या संघातही चूल आणि वाढप हे हलके काम मानले जात नसे. ख्रिस्तसभेचा इतिहास लिहून अजरामर झालेले आणि पुढे कार्डिनल झालेले चेझारे बारोनियो यांच्या वाट्याला स्वयंपाक इतक्या वेळा आला की, आपण इथले कायमचे आचारी आहोत असे त्यांनी थट्टेने चुलीवरच्या भिंतीवर लिहून ठेवले. आपल्या स्वयंपाकमंडळाने हे वाचून उगाच फुगू नये. पण वाचावे मात्र जरूर. १५८३ साली फिलिप यांना आज्ञेवरून सान जिरोलामो सोडून वाल्लिचेल्लास जावे लागले, तेव्हा त्यांनी शिष्यांच्या हाती भांडीकुंडी देऊन भररस्त्यातून त्यांची वरात काढली आणि लोक पोट धरून हसले. जुन्या खोलीची किल्ली मात्र त्यांनी अखेरपर्यंत आपल्याजवळ ठेवली.

सान जिरोलामोच्या समोरच इंग्रजांचे कॉलेज होते. पूर्वी तीही इंग्रज यात्रेकरूंची धर्मशाळाच होती. मायदेशी परतल्यावर ज्यांना फासावर चढावे लागण्याचा संभव होता, असे तरुण तेथे गुरुदीक्षेची तयारी करीत. रस्त्यात ते भेटले की फिलिप त्यांना आदराने वंदन करीत. कोवळे रक्तसाक्षी समजूनच ते त्यांच्याकडे पाहत.

२५ मे १५९५ रोजी ख्रिस्तशरीराचा सण होता. ऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या फिलिप यांनी त्या दिवशी मिस्सा केली, पापनिवेदने ऐकली आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना भेटी दिल्या. दार कोणालाही बंद नव्हते. रात्री सारे निजावयास गेल्यावर त्यांना रक्ताची उलटी झाली आणि मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे २६ मे रोजी, त्यांनी देह ठेवला.

१६०० च्या ज्युबिलीत पोप आठवे क्लेमेंट यांनी स्वतः त्या धर्मशाळेत जाऊन यात्रेकरूंचे पाय धुतले. १२ मार्च १६२२ रोजी फिलिप यांना संतपद देण्यात आले. त्याच समारंभात फ्रान्सिस झेवियर यांनाही देण्यात आले. जे हिंदुस्थानात आले ते आणि ज्यांना येता आले नाही ते, असे दोघेही एकाच दिवशी वेदीवर चढले. पुढे फिलिप यांची ऑरेटरी तरी हिंदुस्थानात आलीच. सतराव्या शतकाच्या अखेरीस जुन्या गोव्यात गोमंतकीय धर्मगुरूंनी तिची शाखा उभारली आणि १६८५ साली बाणावली गावाशी नाते सांगणारे जुझे वाझ तिच्यात सामील झाले. त्यांना २०१५ साली कोलंबो येथे संतपद मिळाले. १६८७ साली ते मजुराच्या वेषात सिलोनच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा कॅथलिक धर्मगुरूस त्या भूमीवर मनाई होती आणि ते स्वतः अतिसाराने खंगलेले होते. नाव नाही, ओळख नाही, अशा त्या परक्यास तेथील अनोळखी माणसांनी आसरा दिला आणि त्यांच्याच दयेवर ते जगले.