एल्फिन्स्टन ते चवदार तळे

जून महिना आला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलांनी प्रवेश कुठे घ्यायचा आणि त्या पदवीला बाजारात किंमत किती? अलीकडे समाजकार्य, सामाजिक न्याय अशा विषयांतही पदवी घेता येते. घरातल्या एखाद्या मुलीने हे नाव काढले, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. न्याय काय वर्गात बसून शिकायचा असतो, आणि तो शिकून पोट भरते का? प्रश्न वावगे नाहीत. पण ते ऐकले की मला एका पदवीधराची आठवण होते. त्यांच्या काळी या नावाचा अभ्यासक्रम नव्हता. तरी त्या विषयाचा सर्वांत अवघड पेपर त्यांनी आमच्या कोकणात, महाडच्या तळ्याकाठी सोडवला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे. सावित्री नदीच्या दक्षिणेला, मंडणगड तालुक्यातले. जन्म मात्र 1891 साली महू येथे झाला, कारण वडील रामजी सकपाळ लष्करात होते. शाळेत संस्कृत शिकायची इच्छा होती, पण ते शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. 1907 साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेज. घरची ओढाताण होती. केळुसकरांनीच शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. प्राध्यापक म्युलर पुस्तके देत, कपडेही देत. मात्र त्याच कॉलेजातला उपाहारगृहवाला या विद्यार्थ्याला चहाच काय, पाणीसुद्धा देत नसे. 1912 साली याच कॉलेजातून ते बी.ए. झाले.

ही पाण्याची गोष्ट लक्षात ठेवावी. वर्गात पुस्तक मिळत होते, बाहेर पाणी मिळत नव्हते. पदवीने हा दुसरा अपमान मिटला असता, तर पुढचे आयुष्य सुखाचे गेले असते. तसे घडले नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून 1917 साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा गावात राहायला जागा मिळेना आणि कचेरीतले शिपाई लांबूनच कागद टाकत. एवढा शिकलेला माणूस, पण जातीच्या हिशेबात त्याची पत शून्य!

बँकेतल्या माणसाला पत या शब्दाचे मोल वेगळे सांगायला नको. रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा प्रबंध 1923 साली प्रसिद्ध झाला. नोकरीत असताना मी तो दोनदा वाचला. त्या अभ्यासकाला एखाद्या बँकेत किंवा सरकारात मोठ्या हुद्द्यावर बसून आयुष्य काढता आले असते. त्यांनी बॅरिस्टर होऊन वकिलीचा काळा कोट चढवला, आणि हे सारे शिक्षण घेऊन ते महाडला आले.

मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. सुरबानाना टिपणीसांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. तळ्यावर जायची हिंमत कोण करणार? तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले रामचंद्र बाबाजी मोरे यांनी परिषदेची खटपट केली. महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी मोऱ्यांनाही झगडावे लागले होते. 20 मार्च 1927 रोजी हजारोंचा समुदाय शिस्तीत तळ्याकडे चालत गेला आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. एल्फिन्स्टनमध्ये नाकारलेल्या पाण्याला पंधरा वर्षे झाली होती.

त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. तळ्याचे शुद्धीकरण झाले. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले, दासगावला उतरले आणि लोकांबरोबर पायी महाडात आले. 25 डिसेंबरला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळे ही खाजगी मालमत्ता आहे, असा दावा विरोधकांनी आधीच न्यायालयात लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. जमाव पेटलेला होता. बाबासाहेबांनी मात्र त्यांना समजावून सत्याग्रह पुढे ढकलला. मला त्यांचे मोठेपण इथे सर्वांत अधिक जाणवते. लोकांना चेतवण्यापेक्षा थोपवणे कठीण. रागाला दाव्याचे रूप द्यायचे, पुरावे गोळा करायचे, तारखांमागून तारखा सोसायच्या, हे शिक्षणाने येते. खटला दहा वर्षे चालला. तिथे अनादि काळापासूनची वहिवाट विरोधकांना शाबीत करता आली नाही, आणि 1937 साली उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

त्याच वर्षी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. अलिबागजवळच्या चरी भागात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी 1933 पासून शेते पडीक ठेवली होती. बाबासाहेबांनी 1934 साली चरीला येऊन त्यांना पाठिंबा दिला होता. त्या कुळांत आगरी होते, मराठे होते, महारही होते. म्हणजे ज्याचा न्याय मागायचा तो आपल्या जातीचा असलाच पाहिजे, ही अट त्यांनी कधी घातली नाही. खोती कायद्याने गेली ती 1949 साली.

पदवीची शिडी स्वतः चढून गेलेला माणूस ती वर ओढून घेतो, असे आपण पुष्कळदा पाहतो. बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली, पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. 1956 साली त्यांचे निर्वाण झाले. 1961 साली त्याच संस्थेने महाडला त्यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू केले.

माझी काही वर्षे महाडच्या एका शाखेत गेली. शिष्यवृत्तीची रक्कम जमा झाली का, हे विचारायला खेड्यापाड्यांतली मुले पासबुक घेऊन खिडकीशी येत. रक्कम फार मोठी नसे. पण परीक्षेची फी तिच्यावरच अडलेली असे. एसटीचे तिकीट काढून आलेल्या मुलाला आज नाही, पुढच्या आठवड्यात ये, असे सांगताना त्या पंचवीस रुपयांची किंमत मला कळत असे. एका शिष्यवृत्तीमागे केवढे भवितव्य उभे असते, हे खातेपुस्तकात लिहिलेले नसते.

तेव्हा घरातली मुलगी सामाजिक न्यायाच्या पदवीचे नाव काढील, तर पगाराचा प्रश्न जरूर विचारा; तो बापाचा आणि आईचा हक्कच आहे. पण दुसराही एक प्रश्न विचारा. नगरपालिकेचा ठराव, सातबाराचा उतारा, न्यायालयाचा मनाईहुकूम वाचून त्याचा अर्थ अडलेल्या माणसाला समजावून सांगण्याची तुझी तयारी आहे का? उत्तर होकारार्थी आले, तर प्रवेशअर्जावर निःशंक मनाने सही करा.