ग्लेन कर्टिस

बदकास जमीन, पाणी व आकाश हीं तिन्ही मोकळीं असतात. विमानासही तें साधावें म्हणून ज्यानें ऐन उमेदीचीं वर्षें वेंचलीं, त्या ग्लेन कर्टिसचें चरित्र आम्ही येथें सांगत आहों.

अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत, क्यूका सरोवराच्या कांठीं हॅमंड्सपोर्ट गांवीं २१ मे १८७८ रोजीं तो जन्मला. लहानपणींच वडील वारले, धाकटी बहीण दुखण्यानें बहिरी झाली, व आठव्या इयत्तेनंतर त्याची शाळा सुटली. सायकलींच्या धंद्यांतून तो मोटारसायकलींकडे वळला. १९०७ सालीं स्वतःच्या एंजिनावर त्यानें ताशीं सुमारें १३६ मैलांचा वेग गांठला. ४ जुलै १९०८ रोजीं त्याच्या 'जून बग' विमानानें जाहीर उड्डाण करून पारितोषिक मिळविलें.

त्याच वर्षीं त्यानें या विमानाखालीं दोन अरुंद होड्या बसविल्या. यंत्र सरोवरावर भरधांव धांवलें. पण पाणी कांहीं सोडीना! पाण्यावरून प्रथम उडण्याचा मान १९१० सालीं फ्रान्समध्यें आंरी फाब्र यास मिळाला. कर्टिसनें मात्र नाद सोडला नाहीं. २६ जानेवारी १९११ रोजीं सॅन डिएगोच्या उपसागरांतून त्याचें विमान वर चढलें. पुढें त्यानें खालीं सुमारें बारा फूट लांबीची एकच सपाट होडी ठेविली, आणि फेब्रुवारींत तिला वर उचलतां येणारीं चाकें जोडलीं. पाण्यांतून उडावें, वाळूवर उतरावें, असें हें 'ट्रायड' विमान होतें.

१९१२ सालीं त्यानें विमानाचें धडच होडीचें केलें, तेव्हां जुनीच अडचण पुन्हां उभी राहिली. तो मोटारबोटींत बसून विमानाच्या बरोबरीनें जाऊं लागला व तळाखालून वाहणारें पाणी निरखूं लागला. आमच्या मतें त्याच्या सर्व उड्डाणांहून हें पाहणेंच थोर होय. लांब गुळगुळीत तळास पाणी चिकटून त्याला खालीं ओढीत होतें. त्यानें तळाच्या मध्यावर आडवी पायरी केली. पायरीमागें हवा शिरली, पाण्याची पकड सुटली, व विमान उडालें.

राइट बंधूंशीं त्याचा पेटंटाचा तंटा वर्षानुवर्षें चालला. तो येथें सांगत बसत नाहीं. १९१९ सालीं त्याच्या कारखान्याच्या 'एन-सी-४' या उडत्या होडीनें टप्प्याटप्प्यानें अटलांटिक ओलांडला. २३ जुलै १९३० रोजीं बफेलो येथें कर्टिस वारला. आज हौसेखातर घरच्या शेडमध्यें दोन आसनांचें जलस्थलविमान बांधणारा मनुष्य पंख, एंजिन, लाकूड कीं धातु, हें आपल्या मनाप्रमाणें निवडतो. तळाची ती पायरी मात्र त्यासही करावीच लागते.