शेतसारा शेतकऱ्याचा, शाळा कोणाची?

महात्मा जोतीराव फुले म्हटले की १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात भरलेली मुलींची शाळा आठवते. जमीन आणि अक्षरज्ञान यांचे त्यांनी उलगडलेले नाते मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिले. त्याची झळ त्यांच्या घराण्याला प्रथम लागली होती.

मूळचे गोऱ्हे असलेले हे घराणे साताऱ्याकडील कटगुणचे. पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे दुसऱ्या बाजीरावाकडून त्यांना ३५ एकर जमीन इनाम मिळाली. पण थोरले बंधू राणोजी यांनी ती एकट्याने बळकावली आणि जोतीरावांचे वडील गोविंदराव भाजीपाल्याच्या धंद्यावर आले. मळ्यात हात हवे होते, म्हणून जुजबी लिहिणे-वाचणे येताच मुलाची शाळा सुटली. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा कुठे १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले.

असे शेजारी खेड्यातल्या किती मुलांना लाभणार? रयतेच्या नावावर जमीन होती, परंतु खातेवही कुलकर्ण्याच्या आणि कर्जरोखा सावकाराच्या हाती. काय लिहिले आहे हे न कळताच अंगठा उठे आणि शेत जाई. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव झाला, त्यात शेतकऱ्यांनी प्रथम जाळले ते हे कागद! त्यानंतर १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांचे दस्त ग्रामनिबंधकासमोर करण्याची तरतूद झाली. तो वाचण्याची विद्या मात्र कायद्याने मिळणारी नव्हती.

विशेष म्हणजे शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. तरीही शेतकऱ्याचे पोर गुरांमागेच राही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी नेमके याच विसंगतीवर बोट ठेवले: महसूल रयतेच्या घामाचा, खर्च वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. अभ्यासक्रमात त्यांनी बाळबोधीबरोबर मोडी, हिशेब आणि शेतीची माहिती सुचवली. दस्तऐवज मोडीतच असत, हे लक्षात घेतले म्हणजे या सूचनेचे मोल कळते.

पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. त्याचा मजकूर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी खुद्द जोतीरावांच्या तोंडून ऐकला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. बडोदा संस्थानातील अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला तो १८९३ मध्ये.