आनंदीबाई आणि प्रसूतिवेदनेचा प्रश्न

७ एप्रिल १८५३ रोजी लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाची प्रसूती डॉ. जॉन स्नो यांनी रुमालावरून हुंगविलेल्या क्लोरोफॉर्मच्या साहाय्याने झाली. त्यानंतर नऊ दिवसांनी मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली आणि पुढल्याच वर्षी ती कल्याणास पोचली. घाटकोपर-मुलुंडवरून जाणारी ही वाट क्लोरोफॉर्मला मात्र इतक्या लवकर सरली नाही.

१८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी याच कल्याणात वाढल्या. नवव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षी त्या माता झाल्या आणि दहा दिवसांत ते मूल गेले. गुंगीचे औषध तोवर तीस वर्षांचे जुने झाले होते. तथापि सामान्य बाळंतिणीला सुईणीच्या अनुभवापलीकडे आधार नसे. अडसर केवळ पैशाचा नव्हता. परपुरुष डॉक्टरापुढे स्त्रीने दुखणे सांगणेच अप्रशस्त मानले जाई. जे दुखणे बोललेच जात नाही, त्यावरचे औषध असून नसल्यासारखेच.

आनंदीबाईंनी नेमके हेच हेरले. पती गोपाळराव टपाल खात्यात होते. त्यांच्या नोकरीच्या गावी, श्रीरामपूरच्या कॉलेजात, १८८३ साली भाषण करून त्यांनी हिंदुस्थानला स्त्री-डॉक्टरांची गरज असल्याचे मांडले आणि त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. परंतु रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आज उपनगरांतील अनेक रुग्णालयांत पाठीच्या कण्यापाशी बारीक नळी घालून कळांची तीव्रता घटविता येते. हा उपाय प्रभावी आहे. परंतु त्याने रक्तदाब उतरू शकतो, प्रसूती काहीशी लांबू शकते आणि भूलतज्ज्ञाची देखरेख आवश्यक ठरते. हुंगण्याच्या वायूने आराम कमी मिळतो, पण त्याचा अंमल लवकर ओसरतो. अफूवर्गीय इंजेक्शनाने बाळाच्या श्वसनावर परिणाम होण्याचा संभव असतो. हा जमाखर्च ऐन कळांत मांडता येत नाही. तो आधीच्या तपासण्यांतच, तिला समजेल अशा मराठीत मांडला गेला पाहिजे. उपाय नाकारणारी स्त्री मागासलेली ठरत नाही आणि मागणारी दुबळी ठरत नाही. मात्र पुष्कळ घरांत अद्याप तिच्या वतीने सासू किंवा पतीच उत्तर देतो. स्त्रीला आपली वेदना स्वतः सांगता यावी, एवढ्यासाठी आनंदीबाईंनी समुद्र ओलांडला होता. तिला विचारण्याचे सौजन्य दाखविण्यास उंबराही ओलांडावा लागत नाही.