फादर थॉमस स्टीफन्स

परकी भाषा शिकू लागलेल्या मनुष्यास सर्वांत आधी आपलीच जीभ आडवी येते. बाळपणी मातृभाषेचे जे वर्ण तोंडी बसतात, त्यांच्याच साच्यात तो परभाषेचे शब्द ओतू पाहतो. संस्कृतातील ‘भाषा’ हा शब्द समुद्रापार इंडोनेशियात गेला. तेथील बोलीत भ, ध यांसारखे महाप्राण वर्ण नसल्यामुळे तो ‘बहासा’ झाला, आणि ‘भूमी’ची ‘बूमी’ झाली. अरबी ‘फिक्र’ तेथे ‘पिकिर’ होऊन राहिला. आपलीही गत निराळी नाही. इंग्रज मनुष्य ‘टेबल’ म्हणताना जीभ दातांमागील हिरडीस लावतो. तो उच्चार आपल्या त आणि ट यांच्या मधला आहे. आपण मात्र सरसकट ट म्हणून मोकळे होतो. उलटपक्षी ताक व टाक, मन व मण, वेल व वेळ यांतील भेद इंग्रजाच्या कानास सहसा उमगत नाही. असे असता सुमारे चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. त्याचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावे असे आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या गावी, १५४९ च्या सुमारास झाला. त्या काळी एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक पंथीयांस आपला धर्म उघडपणे पाळणे कठीण होते. स्टीफन्स मायदेश सोडून रोमला गेले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. पुढे ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे गलबत निघाले. आफ्रिकेला वळसा घालून सहा महिन्यांहून अधिक काळ प्रवास केल्यावर २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास पोहोचले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यानंतर ते मायदेशी परतले नाहीत. साष्टी प्रांतात, मडगाव व राशोल या परिसरात, त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काढली. १५८३ च्या अखेरीस काही इंग्रज व्यापारी गोव्यात तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनीच खटपट केली.

साष्टीत कोकणी बोलली जाई, आणि ग्रंथरचनेची भाषा मराठी होती. स्टीफन्स यांनी दोन्ही आत्मसात केल्या. त्यांचे कान किती तीक्ष्ण होते हे एका गोष्टीवरून दिसते. १५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचे त्यांनी नमूद केले. सर विल्यम जोन्स यांनी याच नात्याविषयी १७८६ साली व्याख्यान दिले, त्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट!

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांस त्यांची जुनी पुराणे वाचण्याची मनाई झाली होती. पण त्यांच्या जागी गाण्यावाचण्यास काहीच मिळाले नव्हते. ज्यांच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या ओवी पडत आली, त्यांच्या मनाची ही उपासमार स्टीफन्स यांनी ओळखली आणि आदिपुराण व देवपुराण अशा दोन भागांत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. देवनागरीचे खिळे नसल्यामुळे ग्रंथ रोमी लिपीत काढावा लागला. त्या लिपीत ट, ड, ण, ळ यांना अक्षरे कोठून असणार? म्हणून हे मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठी रोमी अक्षर दोनदा लिहिण्याची रीत या ग्रंथात पाळलेली दिसते. रोमी कोकणीत णकार आजही अशाच जोडअक्षराने लिहितात. जो भेद त्यांच्या मातृभाषेत नव्हता तो त्यांनी ऐकला, जिभेवर घोटला आणि कागदावर राखला.

१६१९ साली गोव्यातच त्यांचा अंत झाला. त्यांचे कोकणीचे व्याकरण पुढे दिओगो रिबेरो यांनी वाढविले व ते १६४० साली राशोलास छापले गेले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून ते ओळखले जाते.

ग्रंथाच्या नशिबी मात्र कठीण दिवस आले. १६४९ व १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. पण १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज शिल्लक असल्याचे ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळे. त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे सालढाणा यांनी तो पुनः छापला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी आपल्या पुण्यातूनच त्याची देवनागरी आवृत्ती काढली.

विद्यार्थिमित्रहो, इंग्रजी, फ्रेंच वा जर्मन शिकताना एखादा उच्चार साधत नाही म्हणून तुम्ही खट्टू होता. स्टीफन्स गोव्यास आले तेव्हा तिशीत होते; त्या वयात जीभ वळविणे बालपणाइतके सोपे नसते. त्यांच्या हाताशी ना छापील व्याकरण होते, ना कोश. होते ते शेजारीपाजारी बोलणारे लोक, आणि त्यांचे बोलणे आदराने ऐकून घेण्याची वृत्ती. परभाषेचा उच्चार साधण्याचा मार्ग हाच आहे. आपल्या जिभेची खोड ओळखावी, दुसऱ्याचे बोलणे मन लावून ऐकावे, आणि लाज न बाळगता पुनःपुन्हा म्हणून पाहावे. पालकांनीही मुलांच्या अडखळण्यास हसू नये. अकरा हजार ओव्यांचा कर्ताही एके दिवशी ‘वेळ’ ऐवजी ‘वेल’ म्हणूनच शिकू लागला असला पाहिजे.